चौदा भाग आणि रात्रीचा दीड तास

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, नोकरी बँकेत. मुलगी झोपल्यावर आठवड्यातले चार दिवस, साडेदहा ते बारा, एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. कॉलेजात असताना धाकटा भाऊ ‘असॅसिन्स क्रीड २’ हा व्हिडिओ गेम खेळायचा आणि त्या शेजारी बसून फ्लॉरेन्सच्या कौलांवरची पळापळ बघायच्या. तेव्हापासून ही मालिका एकदा खेळायचीच, असं मनात आहे. लॅपटॉप २०२० चा: चार कोअरचा आय-५, जीटीएक्स १६५० (४ जीबी), ८ जीबी रॅम, एसएसडीवर १५० जीबी मोकळी जागा. भाऊ म्हणतो, पहिल्या भागापासून क्रमाने खेळ, नाहीतर कथा कळणार नाही. ऑफिसातला सहकारी म्हणतो, याच मालिकेतल्या ‘व्हॅलहॅला’ची कम्प्लीट एडिशन सेलमध्ये घ्या, महिनोन्‌महिने पुरेल, पैसा वसूल. त्यांचा स्वतःचा डोळा जपानवाल्या ‘शॅडोज’वर. मध्ये फुकट वीकेंड होता तेव्हा ‘ऑडिसी’ सुरू केला, दहा-बारा तासांत सोडून दिला, आणि तेव्हापासून ‘हे गेम आपल्यासाठी नसावेतच’ अशी शंका आहे. शिवाय मुलगी अकरा वर्षांची, तिला पिरॅमिडचं वेड. तिला यातलं काही दाखवता येईल का? आणि जाता जाता: शिवकालावर असा गेम कधी येणार?

ताई,

आधी ‘ऑडिसी’चं बोलू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे.

तुम्ही लिहिता की मेगारिसला पोचल्यावर, लेव्हल ७ च्या आसपास, कंटाळा आला. तिथे काय झालं असेल ते सांगते. तुम्ही किल्ल्याच्या मागच्या भिंतीवरून चढलात, गवतात बसलात, पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मोजल्या, दहा-पंधरा मिनिटं घालवून कॅप्टनच्या पाठीशी पोचलात आणि वार केलात. त्याचा जीव तिसरा हिस्सा उरला. तो ओरडला, मशाली पेटल्या, अख्खा किल्ला अंगावर आला. तुम्हाला वाटलं, आपल्या हातून चूक झाली. हाताची चूक नव्हती. ‘ऑडिसी’त मागून केलेला वार किती लागणार हे तुमच्या लेव्हलवर आणि अंगावरच्या गिअरच्या (शस्त्रं, चिलखत वगैरे) ‘असॅसिन डॅमेज’वर ठरतं. समोरचा दोन लेव्हल वर असेल आणि तुम्ही ‘वॉरियर डॅमेज’ वाढवणारं चिलखत घालून बसला असाल, तर पाठीमागून घातलेला घावही अर्धवटच लागतो.

तुमच्या भावाच्या गेममध्ये असं होत नव्हतं. तिथे मागे पोचलं की काम संपलं. पोचणं हीच सगळी परीक्षा. मालिकेचे २०१७ च्या आधीचे आणि नंतरचे भाग हे, खरं सांगायचं तर, एकाच पाटीची दोन वेगळी दुकानं आहेत. २००७ च्या पहिल्या भागापासून २०१५ च्या ‘सिंडिकेट’पर्यंत दाट शहर, छपरं, गर्दीत मिसळणं, छोटी मिशन. २०१७ च्या ‘ओरिजिन्स’पासून विस्तीर्ण प्रदेश, लेव्हल, शस्त्रांची लूट, आणि ‘ऑडिसी’पासून संवादांतून निवडीही. (२०२३ चा ‘मिराज’ मुद्दाम जुन्या दुकानात परत गेला.) तुमच्या मनात पंधरा वर्षं पहिलं दुकान आहे आणि तुम्ही चढलात दुसऱ्याची पायरी. त्यावरून ‘हे आपल्यासाठी नाही’ असा निकाल देऊ नका. बटाटेवडा खायला निघून थालीपीठ पुढ्यात आलं, एवढंच झालंय, आणि थालीपीठही वाईट नसतं.

आता भावाचा क्रमाचा आग्रह. चौदा मुख्य भागांची मिळून एक सलग कथा आहे, हा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. प्रत्येक गेममध्ये दोन थर असतात. वरचा ऐतिहासिक, तिथेच तुमचे नव्वद टक्क्यांहून जास्त तास जातात. खालचा आजच्या काळातला: ‘ॲनिमस’ नावाच्या यंत्रातून कुणीतरी पूर्वजांच्या आठवणी जगतंय. क्रम लागतो तो मुख्यतः या खालच्या थराला. डेस्मंड माइल्सची गोष्ट पहिल्या भागापासून २०१२ च्या ‘असॅसिन्स क्रीड ३’पर्यंत चालते आणि तिथे संपते. लेला हसनची ‘ओरिजिन्स’, ‘ऑडिसी’, ‘व्हॅलहॅला’ या तिघांत. ऐतिहासिक थरात एका माणसाची सलग मालिका म्हणजे ‘२’चा नायक एझियो याचे तीन भाग, ‘२’, ‘ब्रदरहूड’, ‘रेव्हलेशन्स’. हे तेवढे क्रमानेच खेळावेत. बाकी स्वतः निर्मात्यांनीही काळाचा क्रम पाळलेला नाही. ‘ब्लॅक फ्लॅग’मधला एडवर्ड केनवे हा ‘३’मधल्या कॉनरचा आजोबा, पण आजोबांचा गेम वर्षभर उशिरा आला. असॅसिनांच्या, म्हणजे गुप्त मारेकऱ्यांच्या, संघटनेची स्थापना दाखवणारा ‘ओरिजिन्स’ तर पहिल्या भागानंतर दहा वर्षांनी. फक्त एक पथ्य: ‘मिराज’चा नायक बासिम ‘व्हॅलहॅला’त आधी भेटतो. दोन्ही खेळायचे असतील तर एकामुळे दुसऱ्यातलं एक वळण थोडं फिकं पडतं. आधी ‘व्हॅलहॅला’ घेतलात तर नुकसान कमी.

मग खुद्द पहिला भाग? नको. ११९१ मधलं दमास्कस, एकर, जेरुसलेम आजही देखणं दिसतं, पण रचना अशी: नऊ लक्ष्यं, आणि प्रत्येकासाठी तोच पाढा. घोड्यावरून शहर गाठा, ब्युरोत हजेरी लावा, कुणाचं बोलणं चोरून ऐका, कुणाचा खिसा कापा, कुणाला गल्लीत नेऊन बुकला, मग हत्या. चौथ्या लक्ष्यापर्यंत हात आपोआप चालायला लागतात. त्यात या भागाला सबटायटल्स नाहीत. लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज मुलीची झोप सांभाळून बारीक ठेवणार असाल, तर निम्मे संवाद हवेत जातील.

त्यातलं पुढे लागणारं एवढंच: डेस्मंड हा साधा बारमन. ॲबस्टर्गो नावाची कंपनी त्याला पळवून ॲनिमसमध्ये घालते, कारण त्याचा पूर्वज अल्ताईर हा असॅसिन होता आणि एक प्राचीन, माणसांची मनं ताब्यात घेणारी वस्तू कुठे आहे हे त्याच्या आठवणींत आहे. कंपनी म्हणजे असॅसिनांचे जुने वैरी, टेम्प्लर. कंपनीत काम करणारी लूसी आतून डेस्मंडच्या बाजूची आहे. ‘२’ सुरू होतो तो लूसी त्याला सोडवायला येते तिथून. झालं, पंधरा तास वाचले.

सहकाऱ्याच्या ‘पैसा वसूल’ला मात्र माझा जरा विरोध आहे. गेमची किंमत भागिले तास हा हिशोब विद्यार्थ्याला ठीक, ज्याच्याकडे तास भरपूर आणि पैसे कमी असतात. तुमचं नेमकं उलटं आहे. चार रात्री, दीड-दीड तास, म्हणजे आठवड्याला सहा तास. फक्त मुख्य कथा धरली तर ‘असॅसिन्स क्रीड २’ साधारण २० तास, म्हणजे साडेतीन आठवडे. ‘मिराज’ १५-१६ तास, तीन आठवड्यांच्या आत. ‘ब्लॅक फ्लॅग’ चार आठवडे. ‘ओरिजिन्स’ ३० तास, पाच आठवडे. ‘ऑडिसी’ ४५, साडेसात आठवडे. ‘व्हॅलहॅला’ ६० च्या आसपास, दहा आठवडे. आयर्लंड, पॅरिस आणि ‘रॅग्नारोक’चे वेगळे विकले जाणारे जोडभाग धरून, वाटेतलं बरंचसं करत गेलात तर तुमचे पाच-सहा महिने. बरं, ‘व्हॅलहॅला’ची मुख्य कथा म्हणजे इंग्लंडच्या एकेका प्रांताशी युती. प्रत्येक प्रांताची आपली माणसं, आपलं भांडण. मध्ये पंधरा दिवस मार्चअखेरीने खाल्ले की परत येऊन ‘हा कोण होता?’ असं होणार. तो गेम वाईट नाही. तुमच्या वेळापत्रकाला तो झेपणारा नाही, आणि कम्प्लीट एडिशनचे जास्तीचे पैसे ज्या भागांसाठी आहेत तिथवर पोचण्याआधीच बहुतेक जण थांबतात. ज्या कुणा वाचकाच्या मनात या मालिकेतली गोल्ड किंवा कम्प्लीट एडिशन आहे, त्याने आधी साधी आवृत्ती घ्यावी. कथा संपवून हात शिवशिवले, तर सीझन पास पुढच्या सेलमध्ये मिळतोच.

‘शॅडोज’चं उत्तर लॅपटॉपनेच देऊन टाकलंय. किमान गरज ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड (जीटीएक्स १०७० किंवा त्या तोलाचं), १६ जीबी रॅम, ११५ जीबी एसएसडी. तुमच्याकडे कार्डची मेमरी नेमकी निम्मी. ‘लो’वर ठेवून चालेल का, असं विचाराल. किमान म्हणजेच ‘लो’. त्याच्या खाली सेटिंग नाही. १५८० च्या आसपासचा जपान, ओदा नोबुनागाचा इगावरचा हल्ला, १५८२ मध्ये जळून गेलेला आझुचीचा किल्ला उभाच्या उभा बघणं, हे सगळं यथावकाश नवा लॅपटॉप आल्यावर. तोवर तो स्वस्तही होईल.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: आधी ‘असॅसिन्स क्रीड २’, मग ‘ओरिजिन्स’. मधे ‘ब्रदरहूड’ खेळावासा वाटला तर जरूर, तो जवळजवळ सगळा रोममध्ये घडतो आणि एझियोची गोष्ट जिथल्या तिथे उचलतो.

‘२’ का, तर तुम्हाला जे आठवतंय ते तोच आहे. आणि तो दीड तासाच्या रात्रीला बरोबर बसतो: बहुतेक मिशन पाच ते पंधरा मिनिटांचं, प्रत्येकाच्या शेवटी आपोआप सेव्ह. तुमच्या लॅपटॉपवर सगळी सेटिंग कमाल ठेवून पंखाही फारसा ओरडणार नाही. ८ जीबी डिस्कवर मावतो. पण गेम २००९ चा आहे (पीसीवर २०१० मध्ये आला), त्यामुळे त्याच्या जुन्या खोडी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली खोडी कीबोर्डची. स्क्रीनवर ‘ई दाबा’, ‘स्पेस दाबा’ असं येत नाही. डोकं, हात, पाय अशी चित्रं येतात आणि कुठलं चित्र म्हणजे कुठली कळ, हे तुम्ही पाठ करायचं. सुरुवातीलाच एका दृश्यात क्षणभर पायाचं चित्र चमकतं आणि आपण कीबोर्डकडे बघेपर्यंत जातं. एक्सबॉक्स धाटणीचा साधा वायरचा गेमपॅड घ्या. या मालिकेतल्या पळण्या-चढण्याला पॅडवरची काडीच हवी, कारण चालण्याचा वेग ती किती ढकलली यावर ठरतो. पॅड गेम सुरू करण्यापूर्वी जोडा.

दुसरी पैशांची. मॉन्तेरिजोनी गावात पोचलात की तिथल्या दुकानांच्या डागडुजीवर लवकर पैसे घाला. दर वीस मिनिटांनी पेटीत उत्पन्न जमा होतं, पण पेटीला मर्यादा आहे. ती भरली की पुढचं जमा होत नाही. म्हणून अधूनमधून रिकामी करायला जा. (बँकेतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.) एकदा गाव नीट लागलं की पुढे चिलखत, तलवारी, औषधं यांची चणचण कधीच भासत नाही.

तिसरी, आणि हीच सगळ्यांना नडते: शेवटच्या मिशनआधी कोडेक्सची (अल्ताईरच्या जुन्या वहीची) तीसच्या तीस पानं गोळा झालेली लागतात. कथा रंगात आलेली असते आणि गेम म्हणतो, आधी राहिलेली पानं आणा. मग एका आठवड्याच्या रात्री नुसत्या नकाशाभर हिंडण्यात जातात. हे टाळायला प्रत्येक नव्या शहरात शिरलात की आधी उंच मनोरे चढून नकाशा उघडा. पानांच्या खुणा दिसतात. त्या शहरातून निघण्यापूर्वी तिथली पानं उचला. दर चार पानांमागे जीवाचा एक चौकोन वाढतो, म्हणजे फायदा तसाही आहेच. याउलट जागोजागी विखुरलेल्या शंभर पिसांच्या मागे लागू नका.

बदनामीचा निर्देशक लाल झाला की पहारेकरी ओळखतात. भिंतीवरचं पोस्टर फाडलं तर २५ टक्के उतरते, दवंडीवाल्याला पैसे चारले तर ५०, भ्रष्ट अधिकारी गाठून मारला तर ७५. मिशन सुरू करायच्या आधी एक नजर तिकडे टाकावी. सबटायटल्स पहिल्याच मिनिटाला चालू करा, इटालियन शब्द बरेच येतात. आणि दुकानात ‘एझियो कलेक्शन’ शोधत बसू नका. ते प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचसाठी आहे, पीसीवर तीन भाग सुटेच घ्यायचे.

‘ओरिजिन्स’कडे वळण्याआधी लॅपटॉपवर एक खर्च करा: आणखी ८ जीबी रॅम. गेमची किमान मागणी ६ जीबी आहे, पण विंडोज आणि ब्राउझर आपला वाटा आधीच उचलतात, उरलेल्यात गेम गुदमरतो. दुसरी पट्टी घातली की मेमरी दोन वाटांनी चालते, आणि ज्या अडखळण्याला आपण ग्राफिक्स कार्डचा दोष समजतो ते बरंचसं यानेच जातं. आधीची पट्टी कुठल्या वेगाची आहे ते टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दिसतं, त्याच जातीची आणा.

मग क्रमाने असं करा. चार्जर लावलेलाच असू द्या, बॅटरीवर कार्ड निम्म्या ताकदीने चालतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, तिथे ग्राफिक्स, आणि यादीत गेम घालून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या, नाहीतर एखादे वेळी गेम एनव्हिडियाचं कार्ड सोडून इंटेलच्या चिपवर सुरू होतो आणि आपण गेमला शिव्या देत बसतो. गेममध्ये ‘मीडियम’ निवडा, सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक ढग आणखी एक पायरी खाली, टेक्स्चर मात्र मीडियमवरच. फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) ३० किंवा ४५ ची मर्यादा घाला. वाळवंटात ६० आणि अलेक्झांड्रियाच्या बाजारात ३५ अशी उडी डोळ्याला जास्त टोचते. सलग ४५ शांत वाटतं आणि लॅपटॉपही कमी तापतो. अलेक्झांड्रियात अडखळलं तर कार्डपेक्षा प्रोसेसर थकलेला असतो, गर्दीमुळे. तिथे रिझोल्यूशन उतरवून काही हाती लागत नाही. आसपासचे आणि पात्रांचे तपशील कमी करा. गेममध्येच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, आहे, प्रत्येक बदलानंतर एकदा चालवला की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

लेव्हलची भानगड इथेही आहे, पण ‘ऑडिसी’पेक्षा सौम्य. नकाशावर प्रत्येक प्रांताची लेव्हल लिहिलेली असते. शत्रूच्या डोक्यावर कवटी दिसली की निमूट वळायचं. मुख्य कथा दोन-तीन लेव्हल पुढे निघून गेली तर त्याच प्रांतातल्या दोन-तीन साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामं) करा. नायक बायेक हा माणूसच असा आहे की त्याच्या साइड क्वेस्ट भरताड वाटत नाहीत. नकाशावरची प्रश्नचिन्हं पुसत फिरू नका. लूटमधल्या प्रत्येक तलवारीची तुलना करत बसलात तर रात्र त्यातच जाईल: दर दोन लेव्हलनंतर एकदा बघा, बाकीचं विका किंवा मोडीत काढा. आणि गिअरच्या पानावर सगळ्यात आधी हिडन ब्लेड (मनगटावर लपवलेलं पातं) वाढवा. मघाच्या त्या कॅप्टनवरचा इलाज हाच आहे. लागणारं सामान तिथेच लिहिलेलं असतं, सेनू गरुडाला वर पाठवलं की ते वाहून नेणारे तांडे हेरता येतात. डिफिकल्टी ‘ईझी’वर ठेवलीत म्हणून कुणी विचारायला येत नाही.

मुलीसाठीही उत्तर याच गेममध्ये आहे, पण गेमबाहेर. ‘ओरिजिन्स’ घेतला की मुख्य मेनूत ‘डिस्कव्हरी टूर’ मिळते. तेच इजिप्त, पण मारामारी पूर्ण काढून टाकलेली. पिरॅमिड, ममी, अलेक्झांड्रिया, शेती, पाव आणि बिअर बनवणं अशा ७५ मार्गदर्शित फेऱ्या, बहुतेक पाच ते वीस मिनिटांच्या. मधल्या थांब्यांवर खऱ्या वस्तूंची छायाचित्रं येतात. पुतळ्यांची नग्नता शिंपल्यांनी झाकलेली आहे, हे जरा हास्यास्पद दिसतं, पण रविवारी सकाळी दिवाणखान्यात बसून बघायला सोयीचं. निवेदन इंग्रजीत आहे, तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांना शेजारी बसून तुम्ही मराठीत सांगत गेलात तर बरं. मूळ गेम मात्र तिच्यासमोर नको, ही मालिका प्रौढांसाठीच आहे.

तिला एक गोष्ट तेवढी सांगून ठेवा: शहरं अभ्यासून बांधलेली असली तरी सगळं खरं नाही. ‘ओरिजिन्स’मध्ये महापिरॅमिडच्या पोटात तुम्ही ज्या दालनांत शिरता, त्यांतला काही भाग ज्याँ-पियेर उदँ या फ्रेंच वास्तुविशारदाच्या तर्कावर रचलेला आहे, उत्खननात सापडलेला नाही. ‘युनिटी’ या पॅरिसवरच्या भागातल्या क्रांतिकाळच्या नोत्र दामवर जो टोकदार मनोरा आहे, तशा घाटाचा मनोरा खऱ्या चर्चवर एकोणिसाव्या शतकात चढला. ‘२’मधली मॉन्तेरिजोनीची तटबंदी खरी, आतला ऑदितोरेंचा, म्हणजे एझियोच्या घराण्याचा, वाडा कल्पित. उलट ‘ऑडिसी’तले रंगीबेरंगी पुतळे आणि देवळं बघून लोक चमकतात, पण ते बरोबर आहे, ग्रीकांनी आपला संगमरवर रंगवलेलाच होता. २६ एप्रिल १४७८ ला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये मेदिची भावांवर खरोखर हल्ला झाला, जुलियानो मेला, लोरेन्झो वाचला. ‘२’मध्ये तो दिवस तुमच्या वाट्याला येतो, लोरेन्झोला एझियोने वाचवलं, एवढीच गेमची भर. नव्या वास्तूपाशी पोचलात की नोंदवही उघडायची सूचना येते, ती एरवी कुणी उघडत नाही. उघडा. लिहिणारा शॉन हा खवचट इंग्रज आहे आणि माहिती बऱ्यापैकी नेमकी देतो.

तुमच्यासारखाच प्रश्न, पण आवड वेगळी, अशांसाठी दोन शब्द. समुद्र हवा असेल तर ‘ब्लॅक फ्लॅग’ला तोड नाही. १७१५ च्या पुढचं कॅरिबियन, खलाशांची गाणी, दुर्बिणीतून समोरच्या जहाजावर किती लाकूड-धातू आहे ते बघून मगच तोफा डागायच्या. जीटीएक्स १६५० वर तो आरामात चालतो, फक्त सेटिंगमधला फिजएक्सचा धूर बंद करा. माणसामागून दबकत जाण्याची मिशनं त्यात फार आहेत, तेवढा संयम ठेवा. फक्त छपरं आणि स्टेल्थ (लपूनछपून जाणं) हवं, आणि कार्ड जीटीएक्स १०६० किंवा वरचं असेल, तर थेट ‘मिराज’: इसवी सन ८६१ चं बगदाद, मागून केलेला वार पुन्हा एकदा पुरेसा, आणि संपूर्ण अरबी संवादांचा पर्याय, जो इंग्रजीपेक्षा त्या शहराला शोभतो. ताई, तुमच्या १६५० वर तो ‘लो’ आणि अपस्केलिंग लावून रखडत चालेल. दुसऱ्या क्रमांकासाठी त्याचा विचार नको.

शिवकालावर या मालिकेत काहीही नाही. मालिका काढणाऱ्या युबीसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ पुण्यात आहे, म्हणून ही आशा आपल्याकडे दर वर्षी नव्याने पालवते. भारत आला तो २०१६ च्या ‘क्रॉनिकल्स: इंडिया’त, तोही १८४१ च्या शीख साम्राज्याचा, आणि बाजूने दिसणाऱ्या छोट्या गेममध्ये; मोकळं शहर नाही.

खरेदी सेलमध्येच करा. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर हे ठरलेले, मधेही येतात, आणि जुन्या भागांवर तीन-चतुर्थांश सूट नेहमीची. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलं तरी गेम युबीसॉफ्टच्या स्वतःच्या ‘कनेक्ट’ या प्रोग्रॅममधूनच सुरू होतो, तेव्हा ते खातं आधी उघडून पासवर्ड लिहून ठेवा; नाहीतर पहिली रात्र ओटीपीत जाते. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत मेनूत आणि बेंचमार्कमध्ये गेलेली मिनिटंही मोजली जातात.

तेव्हा पहिल्या रात्री फक्त डाउनलोड, खातं, पॅड, सबटायटल्स, आणि झोपा. दुसऱ्या रात्री सुरुवात. आधी लूसी आणि डेस्मंडची पळापळ, मग फ्लॉरेन्सच्या पुलावरची हाणामारी, आणि मग थोरला भाऊ फेदेरिको शर्यत लावतो: समोरच्या चर्चच्या माथ्यावर आधी कोण पोचतं. इथवर यायला साधारण पाऊण तास लागतो. नंतरचा तासभर निरोप पोचवा, आईची पेटी उचला असा संथ आहे, त्यावरून निकाल देऊ नका. त्या चर्चवर चढताना हात आपोआप पुढची खिडकी शोधायला लागले का, एवढंच बघा. नसतील, तर परताव्याला तुमच्याकडे अजून सवा तास आहे.